जुने आकडे आणि देशादेशांची तुलना

इ. स. १७०० मध्ये जगाच्या एकूण उत्पन्नापैकी जवळजवळ चौथा हिस्सा भारताचा होता आणि १९५० मध्ये तो चार टक्क्यांवर आला, हे विधान आपण सभांतून, व्याख्यानांतून आणि शालेय वक्तृत्वस्पर्धांतूनही वारंवार ऐकतो. विधान निराधार नाही. अँगस मॅडिसन (१९२६-२०१०) या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने जगातील देशांच्या उत्पन्नाचे शतकानुशतकांचे अंदाज मांडण्यात आयुष्य वेचले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील कोष्टकानुसार भारताचा वाटा १७०० मध्ये २४.४ टक्के, १८२० मध्ये १६ टक्के आणि १९५० मध्ये ४.२ टक्के होता. परंतु या तीन आकड्यांच्या पोटात काय दडले आहे, याचा विचार क्वचितच होतो.

पहिली गोष्ट लोकसंख्येची. त्याच ग्रंथानुसार १७०० मध्ये जगाची लोकसंख्या सुमारे ६० कोटी ३० लाख होती आणि त्यांपैकी १६ कोटी ५० लाख, म्हणजे २७ टक्के लोक भारतात राहत होते. सत्तावीस टक्के लोकांच्या वाट्याला चोवीस टक्के उत्पन्न, असा याचा सरळ अर्थ होतो. दरडोई हिशेब केला तर भारताचे उत्पन्न ५५० येते आणि जगाची सरासरी ६१५. देश मोठा होता, उद्योगी होता. पण सामान्य कुणबी वा विणकर जगातील सरासरी माणसाहून श्रीमंत होता, असे हे कोष्टक सांगत नाही.

दुसरी गोष्ट सीमांची. १७०० आणि १८२० च्या आकड्यांतील ‘भारत’ म्हणजे आजचे भारत, पाकिस्तान व बांगलादेश मिळून होणारा प्रदेश. १९५० चा आकडा मात्र केवळ भारतीय प्रजासत्ताकाचा आहे. म्हणजे घसरणीचा काही भाग हा फाळणीने बदललेल्या नकाशाचा परिणाम आहे. कोष्टकाखालची तळटीप न वाचण्याची सवय आपल्याला किती महाग पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मग परकीय सत्तेने केलेले नुकसान खोटे मानायचे काय? मुळीच नाही. भारताचे दरडोई उत्पन्न १८२० मध्ये ५३३ आणि १९५० मध्ये ६१९ होते. एकशेतीस वर्षांत एवढीच वाढ! याच अवधीत ब्रिटनचे दरडोई उत्पन्न सुमारे १,७०० वरून ६,९०० च्या घरात गेले. जपान १८२० मध्ये ६६९ वर, म्हणजे आपल्यापासून फार दूर नव्हता. १९१३ मध्ये तो १,३८७ वर पोचला, तेव्हा आपण ६७३ वर होतो. जग चालत असताना एक देश जागच्या जागी उभा राहिला, हा आरोप ‘चौथा हिस्सा गेला’ या आरोपापेक्षा अधिक गंभीर आहे आणि पुराव्यालाही अधिक टिकणारा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हे आकडे रुपयांत नाहीत, पौंडांतही नाहीत. ते १९९० सालच्या ‘आंतरराष्ट्रीय डॉलर’ या काल्पनिक चलनात आहेत. बाजारातील विनिमयदराने तुलना केली तर गरीब देश आहे त्याहूनही गरीब दिसतो. कारण केस कापणे, कपडे शिवणे, शिकवणे यांसारख्या सेवा तेथे स्वस्त असतात. म्हणून निरनिराळ्या देशांतील त्याच वस्तूंच्या व सेवांच्या किमती गोळा करून चलनाची खरेदीशक्ती काढावी लागते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहकार्याने १९६८ मध्ये हे काम पद्धतशीरपणे सुरू झाले आणि १९७० या वर्षासाठी ज्या पहिल्या दहा देशांची तुलना झाली, त्यांत भारत होता. अर्थात, १७०० सालच्या किमतींची अशी पाहणी कोणीही केलेली नाही. मॅडिसन यांनी १५००, १६०० आणि १७०० या तिन्ही वर्षांसाठी भारताचा आकडा ५५० असाच धरला आहे. ती मोजणी नव्हे, गृहीत आहे.

उत्पन्नाचे असे असेल तर साक्षरतेसारखी साधी गोष्ट तरी नीट मोजली गेली असेल, अशी आपली समजूत असते. येथेच खरी गंमत आहे. फ्रान्समध्ये १८७७ साली लुई मॅजिओलो नावाच्या निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याने एक अपूर्व पाहणी हाती घेतली. विवाहाच्या नोंदवहीत वधूवर सही करतात की नाही, हे पाहायचे, एवढीच ती पाहणी. पण ती केली कोणी? सुमारे सोळा हजार शाळामास्तरांनी! आपापल्या गावच्या जुन्या नोंदवह्या उघडून त्यांनी सह्या मोजल्या. त्यांतून असे दिसले की, १६८६ ते १६९० या काळात २९ टक्के वर व १४ टक्के वधू सही करू शकत होत्या. शंभर वर्षांनी, १७८६ ते १७९० मध्ये, हेच प्रमाण ४७ व २७ टक्के झाले. उत्तर व ईशान्य फ्रान्स पुढे आणि दक्षिण व पश्चिम भाग मागे, हा फरकही नकाशावर स्पष्ट उमटला. ज्या गावांतील शिक्षकांनी उत्साह दाखवला त्या गावांचे आकडे अधिक आले आणि काही विभाग जवळजवळ कोरेच राहिले, हा दोष त्यात आहेच. तरीही एका सरकारी खात्याला जे एकट्याने जमले नसते, ते गावोगावच्या गुरुजींनी मोबदल्याविना करून दाखवले.

मात्र सही म्हणजे साक्षरता काय? स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्चविषयक कायद्यानुसार लोकांना वाचता यावे अशी अपेक्षा होती आणि धर्मगुरू घरोघरी परीक्षा घेत. त्यामुळे तेथे वाचता येणारे, पण लिहिता न येणारे असंख्य लोक होते. आपल्याकडे १९११ च्या जनगणनेत मित्राला पत्र लिहिता आले पाहिजे व त्याचे उत्तर वाचता आले पाहिजे, अशी कसोटी होती. ती लावून सुमारे ६ टक्के लोक साक्षर ठरले. स्वीडनचा वाचणारा, फ्रान्सचा सही करणारा आणि हिंदुस्थानचा पत्र लिहिणारा यांना एका रकान्यात बसवून क्रमांक लावणे न्यायाचे होणार नाही. आपल्याच देशात १९५१ ते १९७१ च्या जनगणनांचे साक्षरतेचे दर पाच वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येवर काढलेले आहेत, तर १९८१ पासूनचे सात वर्षे व त्यावरील वयाच्या. तेव्हा १९५१ चे १८.३ टक्के आणि २०११ चे ७४ टक्के शेजारी ठेवताना ही टीप सोबत असणे आवश्यक आहे.

आयुर्मानाचे आकडे त्यामानाने अधिक विश्वसनीय असतात, कारण जन्म आणि मृत्यू यांची व्याख्या बदलत नाही; केवळ नोंद राहून जाते. स्वीडनने १७४९ पासून धर्मगुरूंकरवी या नोंदींचे संकलन सुरू केले. अठराव्या शतकाच्या मध्यास तेथील सरासरी आयुर्मान सुमारे ३५ वर्षे होते आणि ते ७० पर्यंत जाण्यास १९४० नंतरचे दशक उजाडावे लागले. भारतात १९४१-५१ च्या दशकात ते ३२ वर्षे होते. २०१५-१९ मध्ये ६९.७ झाले. स्वीडनला जे अंतर कापण्यास जवळपास दोनशे वर्षे लागली, ते भारताने सत्तर वर्षांत कापले. लस, जंतुनाशके, शुद्ध पाणी यांचे ज्ञान आयते मिळाले, हे खरे. पण ते गावापर्यंत न्यावे लागले, हेही तितकेच खरे. दरडोई उत्पन्नाच्या कोष्टकात ही प्रगती दिसत नाही.

सरासरीबद्दल एक इशारा दादाभाई नौरोजींनी फार पूर्वी देऊन ठेवला आहे. १८७६ च्या ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ या निबंधात त्यांनी हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले. १८८२ मधील सरकारी अंदाज २७ रुपयांचा आणि लॉर्ड कर्झन यांच्या काळातील ३० रुपयांचा होता. या वादात दादाभाईंनी सरकारी अहवालांची एक ढोबळ चूक दाखवली. जिल्ह्याजिल्ह्यांचे एकरी उत्पादन नुसते बेरजेला घेऊन जिल्ह्यांच्या संख्येने भागले जाई. कोणत्या जिल्ह्यात किती एकर लागवडीखाली आहे, हे पाहिलेच जात नसे. एका तालुक्यात हजार एकर बागायत एकरी वीस मण देते आणि दुसऱ्यात एक लाख एकर जिरायत एकरी चार मण, असे समजा. सरासरी बारा मण नव्हे. ती चार मणांहून किंचितच अधिक आहे. आजही काही अहवालांतून ही चूक डोके वर काढते.

अशी तुलना जिल्हा पातळीवर करू पाहणाऱ्यांपुढेही सीमेचा तोच प्रश्न उभा राहतो. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्यामुळे १९७१ च्या चंद्रपूरशी २०११ च्या चंद्रपूरची तुलना करता येत नाही. तालुक्यांच्या हद्दीही बदललेल्या असल्याने जुना आकडा गावांपासून नव्याने जुळवावा लागतो. १९५१ पासून निघत आलेल्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गाववार कोष्टके आहेत. आपल्या गावाची ओळ शोधून ती दशकादशकाने वहीत उतरवण्यास एका शिक्षकाला एखादी दुपार पुरते. गावाचे नाव, त्याचा क्रमांक आणि त्या वेळचा तालुका यांची नोंद मात्र त्याच पानावर करावी लागते.