आमिषाला आवाज, धंद्याला वाव

मासेमारीचे सामान विकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा असा एक लहानसा जिन्नस आहे : मऊ प्लॅस्टिकच्या नकली आमिषात बसविण्याचा खुळखुळा. काच, प्लॅस्टिक वा धातूची बारीक नळी व तिच्यात दोन-तीन छर्रे, एवढाच हा माल.

पावसाळ्यात नांदेडला गोदावरी गढूळ होते. माशाला आमिष नीट दिसत नाही. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. माशाला बाहेरचा कान नसला तरी आतला असतो. शिंगाड्याच्या जातीत तर पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांनी कानाशी जोडलेली असते.

बसविण्याची रीत सोपी आहे. आमिषाच्या पोटात दाभणाने भोक पाडावे, गळाच्या आड येणार नाही असा खुळखुळा आत सारावा व तोंड गरम सुरीने बुजवावे. धूर अपायकारक असतो, म्हणून काम उघड्यावर करावे. छर्रे विषारी शिशाचे नकोत, पोलादाचे घ्यावेत. आवाजही खणखणीत निघतो.

भांडवल मात्र बेताने गुंतवावे. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तळेच कोरडे तर गळ कोण घेणार? जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थांकडे असतो. गिऱ्हाईकाला परवानगी घ्यायला सांगावे. मरळ पिलांची राखण करीत असताना तिला पकडू नये. राखणदार गेला की पिले जातात, आणि पुढच्या सालची विक्रीही.