उत्तर सांगावं, पण किती?

रात्री साडेनऊला दहावीतली भाची मामाला गणिताचा फोटो पाठवते : ‘दोन क्रमागत नैसर्गिक संख्यांचा गुणाकार १८२ आहे, तर त्या संख्या कोणत्या?’ उद्या वह्या तपासणार आहेत. मामा इंजिनिअर, १३ आणि १४ काढायला त्याला मिनिटही लागत नाही. सगळी रीत लिहून पाठवली, तर भाचीची वही पूर्ण होईल. चाचणीत गुणाकार २७२ आला, की ती पुन्हा तिथेच अडेल.

शिक्षकांना हा पेच जुनाच आहे. हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात त्याचा विचार केला. मदत फार नको आणि अगदी थोडीही नको. कामाचा रास्त वाटा विद्यार्थ्याकडे राहिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी शिक्षकांना प्रश्न सुचवले : काय शोधायचं आहे? काय दिलं आहे? असंच गणित आधी पाहिलं आहे का?

स्वतः काढलेलं लक्षात राहतं, हे प्रयोगांतही दिसलं. नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी १९७८ मध्ये शब्दांच्या काही जोड्या नुसत्या वाचायला दिल्या. काही जोड्यांत दुसरा शब्द पहिल्या अक्षरावरून ओळखायला लावला. ओळखून काढलेले शब्द जास्त आठवले.

मग ‘तुझं तू कर’ म्हणून हात झटकावेत? तेही चूक. घरात दहावीपर्यंत पोचलेलं पहिलंच मूल, क्लासची फी परवडत नाही; त्याने विचारायचं कोणाला? शिवाय नवख्याला पूर्ण सोडवलेलं उदाहरण उपयोगी पडतं, हे ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच्या प्रयोगांतून दाखवलं.

आपल्या पाठ्यपुस्तकातही आधी सोडवलेली उदाहरणं येतात, मग सरावसंच. मामानेही तसंच करावं. गुणाकार १५६ घेऊन गणित पूर्ण सोडवावं : पहिली संख्या क्ष, पुढची क्ष + १; क्ष² + क्ष − १५६ = ०; अवयव पाडून क्ष = १२. उणे १३ का सोडायचे, तेही सांगावं. १८२ मात्र भाचीकडे ठेवावेत. ती अडली, तर पुढची एकच पायरी सुचवावी.

चालू परीक्षेतला किंवा गुण मिळणाऱ्या प्रकल्पातला प्रश्न वेगळा. तो सोडवून देणं हा वर्गातल्या इतर मुलांवर अन्याय आहे. इंग्लंडने २०२२ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना तयार निबंध लिहून विकणं हा गुन्हाच ठरवला.

मूल वही घेऊन आलं, तर पेन त्याच्याच हातात राहू द्या आणि आधी विचारा, ‘तू कुठपर्यंत केलंस, दाखव.’