किडे आधी, पानं मागाहून
चिनी चित्रकार छी बाइशी यांच्या मागे राहिलेले कितीतरी कागद जवळजवळ कोरे आहेत. त्यावर एखादा रातकिडा, पतंग नाहीतर सिकाडा, बस्स. ना पान, ना फूल. बीजिंगच्या चित्रकला अकादमीने ते जपून ठेवलेत. काम अर्धवट आहे खरं, पण ठरवून.

छींचा जन्म १८६४ सालचा, हूनान प्रांतातल्या शियांगथानच्या गरीब शेतकरी घरातला. आधी सुतारकी, लाकडावरची नक्षी; विशीत चित्रकलेचं एक जुनं पुस्तक हाती लागलं, ते त्यांनी पानन् पान गिरवून काढलं. चिनी शाईचित्रांत दोन वळणं मानतात. कुंगपी म्हणजे बारीक, नेमकं काम. श्येई म्हणजे ओल्या कुंचल्याचा मोकळा फटकारा. छींनी दोन्ही एकाच कागदावर आणली. रातकिड्याच्या मिशा, मागच्या पायावरचे काटे, चतुराच्या पंखांतली जाळी हे सगळं केसाएवढ्या रेघेत. शेजारचं पान मात्र दोन-चार फटकाऱ्यांत, शाई पसरेल तशी पसरू दिलेली. बारीक कामाला तीक्ष्ण नजर लागते. म्हणून डोळे शाबूत होते तोवर त्यांनी किड्यांची बेगमी करून ठेवली. पानं म्हातारपणी काढली तरी चालणार होती.

चिनी पंचांगातल्या चोवीस पर्वांपैकी एक, मार्चच्या सुरुवातीचं, किडे जागे होण्याचंच आहे. छींच्या चित्रांतही ऋतू किड्यांवरूनच कळतो; आभाळ नसतं, ऊन-पाऊस नसतो. कमळावर चतुर आला की उन्हाळा. मेपलच्या लाल पानांत सिकाडा बसला की शरद. वाहवा लाल रंगाची होते, पण माझ्या मते चित्र पेलतो तो सिकाडा: पंख इतके पातळ की खालचं अंग दिसावं.

पानांविना नुसते किडे-पक्षी काढण्याची चाल जुनीच. दहाव्या शतकात ह्वांग छ्वान या दरबारी चित्रकाराने मुलाला गिरवण्यासाठी एका रेशमी पटावर पक्षी, किडे आणि कासवं मिळून चोवीस जीव काढले; झाडपाला मुळीच नाही. छींनी मात्र अशा किड्यांना पुढे पानं दिली आणि मगच सही केली.

त्या सहीचीही गंमत आहे. पंचाहत्तरावं वर्ष घाताचं, असं ज्योतिषाने सांगितल्यावर छींनी स्वतःचं वय दोन वर्षांनी पुढे ढकललं आणि पुढे तेच लिहीत राहिले. त्यामुळे सहीतल्या वयावरून त्यानंतरच्या चित्राचं साल काढताना आधी ती दोन वर्षं वजा करावी लागतात. आणि एवढं करून निघतं ते पानांचं साल. किडा त्याआधी कितीतरी वर्षांचा असू शकतो.