हजारो वर्षांचे झाड, पंचवीस सेकंदांचा फोटो

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात ब्रिसलकोन पाइनची हजारो वर्षांची झाडे उभी आहेत. हे उद्यान होण्यापूर्वी, १९६४ मध्ये इथे तोडलेल्या ‘प्रोमिथियस’ या झाडाच्या खोडात ४,८६२ वलये मोजली गेली. ते रुजले तेव्हा ध्रुवताराही वेगळा होता: कालेय तारकासमूहातला ठुबान.

उंचावरची कोरडी हवा आणि शहरी दिव्यांपासूनचे अंतर यांमुळे इथे आकाशगंगा लखलखीत दिसते. २०१६ मध्ये उद्यानाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला.

फोटो काढताना अडचण येते ती पृथ्वीच्या फिरण्याची. तासाला १५ अंश सरकणारे तारे लांब एक्स्पोजरमध्ये रेघांसारखे उमटतात. ढोबळ नियम असा: फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागावे. २० मिलिमीटरच्या लेन्सला २५ सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात झाड उजळायला अगदी मंद दिवा पुरतो. प्रखर टॉर्च टाळावा. दिपलेले डोळे पुन्हा अंधाराला सरावायला सुमारे अर्धा तास लागतो.

चांगल्या चौकटीसाठी पायवाट मात्र सोडू नये. पडलेले लाकूडही उचलू नये, कारण त्याच्या वलयांत जुन्या हवामानाची नोंद असते.