टेस्टोस्टेरॉनची कुपी: खरी कशी ओळखावी, घ्यावी कशी?

विशेष प्रतिनिधी

व्यायामशाळेतील ओळखीच्या माणसाने कागदात गुंडाळून दिलेली काचेची कुपी आणि औषधाच्या दुकानातून बिलासह घेतलेली कुपी शेजारी ठेवली, तर पुष्कळदा दोन्ही सारख्याच दिसतात. पिवळसर तेल, छापील नाव, मुदत संपण्याची तारीख, सारे जागच्या जागी असते. फरक असलाच तर तो आतल्या द्रवात असतो आणि डोळ्यांना तो दिसत नाही. ‘ओरिजिनल कसे ओळखायचे?’ असे विचारणाऱ्यांची खरी अडचण इथेच आहे.

टेस्टोस्टेरॉन हे वृषणात तयार होणारे पुरुषी संप्रेरक. १९३५ मध्ये ते प्रयोगशाळेत बनविण्यात यश आले. ब्यूटेनान्ट आणि रुझिका या त्यामागच्या शास्त्रज्ञांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. वृषण किंवा पीयूषिका ग्रंथीच्या विकारामुळे हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही, अशा पुरुषांसाठी हे इंजेक्शन आहे. पारलिंगी पुरुषांच्या उपचारांतही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्याचा वापर होतो. दंड फुगविणे हा त्याचा वैद्यकीय उपयोग नव्हे.

भारतात हे औषध ‘शेड्यूल एच’मध्ये मोडते. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याची किरकोळ विक्री करता येत नाही. वेष्टनावर ‘आरएक्स’ हे चिन्ह व तसा इशारा, बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि उत्पादन परवाना क्रमांक हवा; परदेशी मालावर आयातदाराचे नाव व आयात परवाना क्रमांक हवा. खोक्यावरचा आणि कुपीवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना, हे पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. घटकही वाचावेत. ‘सस्टेनॉन २५०’ या परिचित मिश्रणात टेस्टोस्टेरॉनची चार संयुगे ३०, ६०, ६० आणि १०० मिलिग्रॅम अशी असतात आणि ती शेंगदाणा तेलात विरघळवलेली असतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला ही माहिती जिवाच्या मोलाची आहे.

१ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० नाममुद्रांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. यादीबाहेरच्या औषधावर तो नसला म्हणजे माल बनावट, असे होत नाही. शिवाय छापील कोडचीही नक्कल होऊ शकते. द्रव गढूळ दिसला तरी लगेच संशय नको. थंडीने तेलातील औषधाचे स्फटिक बनतात. कुपी हातात धरून कोमट केल्यावर ते विरघळावेत. तरीही कण राहिले तर ती कुपी वापरू नये.

तेव्हा खात्रीचा आधार एकच, तो म्हणजे बिल. औषध कुठून आले याचा माग बिलावरच्या बॅच क्रमांकावरून काढता येतो. ‘बिल नको, स्वस्तात देतो’ म्हणणारा विक्रेता ग्राहकाचा हाच पुरावा काढून घेत असतो.

माल अस्सल असला, तरी गरज अस्सल असतेच असे नाही. लक्षणे असतील आणि वेगवेगळ्या दिवशी सकाळी केलेल्या किमान दोन रक्तचाचण्यांत पातळी कमी आढळली, तरच निदान पक्के मानावे, असे अंतःस्रावतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. थकवा वाटतो म्हणून स्वतःच सुई टोचून घेणारे एक गोष्ट विसरतात, किंवा त्यांना ती कुणी सांगतच नाही. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते, कित्येकदा बंदच पडते. हा परिणाम इतका प्रबळ आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. औषध थांबविल्यावर निर्मिती बहुधा पूर्ववत होते, पण त्यासाठी महिनोन्‌महिने लागू शकतात. नजीकच्या काळात मूल हवे असणाऱ्याने हे डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्यांना हे औषध वर्ज्य आहे.

ही तेलकट इंजेक्शने स्नायूत खोलवर द्यायची असतात, शिरेत कधीही नाही. सुई व सिरिंज प्रत्येक वेळी नवी हवी; एकच सुई दोघांनी वापरली तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी यांचा धोका असतो. अनडेकॅनोएट हे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन (४ मिली एरंडेल तेलात १००० मिलिग्रॅम) सुमारे दोन मिनिटे लावून सावकाश द्यावे लागते. त्यातील तेलाचे थेंब फुप्फुसात पोहोचले, तर खोकला, धाप आणि भोवळ येते. म्हणून ते दवाखान्यातच घ्यावे व नंतर अर्धा तास तिथेच थांबावे.

पुढची तपासणी टाळू नये. या औषधाने रक्त दाट होते. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेले तर उपचार थांबवतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत टेस्टोस्टेरॉन जेल वापरणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात वाढलेले दिसले नाहीत; मात्र हृदयाची लय बिघडणे आणि फुप्फुसात गुठळी होणे यांचे प्रमाण अधिक आढळले. ही माणसे डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती, हेही लक्षात घ्यावे.

संशय आलाच तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार ग्राहकाला शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेण्याचाही हक्क आहे. त्यासाठी बिल, खोके आणि शक्यतो त्याच बॅचची न फोडलेली कुपी जपून ठेवावी.