सोन्याच्या तारेचा कशिदा

पैठणीचा पदर तुमच्या पाहण्यातला आहे. त्यातली जर मागावर, कापडाबरोबरच विणली जाते. आज सांगायचे ते काम निराळे. त्याचे नाव जरदोजी. फारसीत ‘जर’ म्हणजे सोने आणि ‘दोजी’ म्हणजे शिवणे. तयार मखमलीवर किंवा रेशमावर हाताने सोने शिवायचे! मोगलांच्या कारखान्यांतून वाढलेली ही कला लखनौ, बरेली, आग्रा, भोपाळ या शहरांत अजून चालते. मुंबईच्या धारावीतही उत्तरेकडून आलेले कारागीर हे काम करतात.

आता तारेकडे वळू. नुसत्या सोन्याची तार कुणाला परवडणार? जुन्या रीतीत चांदीच्या कांडीवर सोन्याचा वर्ख चढवून ती एकाहून एक बारीक भोकांतून ओढत नेत. केसासारखी झालेली तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळली, की झाला कलाबतू.

खरी खुबी पुढेच आहे. ही तार कापडातून आरपार ओढली तर तिचा मुलामा खरवडेल, आणि निम्मे सोने पाठीमागे वायाही जाईल. म्हणून कारागीर ती कापडावर नुसती निजवतो आणि बारीक रेशमी टाक्यांनी जागोजाग बांधून टाकतो. म्हणजे दिसते सोने, पण धरून ठेवते रेशीम. फूल उठावदार हवे असेल तर खाली सुताची भर घालतात. स्प्रिंगसारख्या वळवलेल्या तारेचे बारीक तुकडे कापून ते मण्यांसारखे सुईत ओवतात, त्याला दबका म्हणतात. कापड लाकडी चौकटीवर, म्हणजे अड्ड्यावर, ढोलासारखे ताणलेले असते. भोवती चौघेपाचजण मांडी घालून दिवसभर वाकून बसतात. डोळे आणि पाठ दोन्ही झिजतात. त्या मानाने मजुरी फार थोडी, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

लखनौच्या जरदोजीला 2013 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण यंत्राच्या स्वस्त भरतकामाशी तिची झुंज चालूच आहे.

जुने नमुने कमी का उरले, ठाऊक आहे? खऱ्या जरीत चांदी असते. कपडा विरला की घरोघरची मंडळी तो वजनावर विकत, आणि घेणारा जाळून चांदी काढी. तेव्हा गुरुजी, गावात कुणाच्या पेटीत आजीची जरीची टोपी किंवा अंगरखा निघालाच, तर मोडीत जाण्याआधी तो मुलांना उलटा करून दाखवा. पाठीवर सोने दिसणार नाही, रेशमाचे टाके तेवढे दिसतील.