गळ चालतो, जाळं नाही

गैरसमज : शिकार करणाऱ्याला प्राण्यांची माया नसते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकसाला जाऊन आलेले बरेचजण सांगतात, माडिया आदिवासी प्राणी मारायचे आणि आमट्यांनी ते वाचवले. घडलं ते इतकं सोपं नव्हतं. डिसेंबर १९७३ मध्ये तिथे आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा भामरागडच्या जंगलात शिकार पोटासाठी होत होती. एकदा डॉ. प्रकाश आमटे यांना शिकारी भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. डॉक्टरांनी ते मागून घेतलं. भुकेल्या माणसाला मांस सोडायला त्यांनी सांगितलं नाही; पिल्लं तेवढी आम्हाला द्या, म्हणाले. पुढे माडियांनीच ती आणून दिली आणि प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं.

गैरसमज : कन्फ्यूशियस म्हणजे वडीलधाऱ्यांची आज्ञा आणि दरबारी रीतभात, निसर्गाशी त्याचं देणंघेणं नाही.

शिकार आणि माया एकत्र नांदतात, हे या चिनी विचारवंतातही दिसतं. इ.स.पू. ५५१ ते ४७९ हा त्याचा काळ. तो गळाने मासे धरी, जाळं टाकत नसे; पाखरावर बाण सोडी, पण ते विसाव्याला बसलेलं असताना नाही, अशी शिष्यांची नोंद आहे. त्याच्या परंपरेतल्या मेन्शियसने राजाला बजावलं की तळ्यात बारीक विणीची जाळी पडू देऊ नका आणि जंगलात कुऱ्हाड हंगाम पाहूनच जाऊ द्या. मायेची उतरंडही त्याने मांडली : आधी घरची माणसं, मग इतर माणसं, मग सारे जीव. आज काहींना हे माणसाला झुकतं माप वाटतं. मला ते खरं वाटतं. घरात चूल पेटलेली नसताना जंगलावर दया करायला सांगणं हाच मोठा अन्याय आहे.

गैरसमज : अशी मर्यादा पोथीतूनच येते.

माडियांनी कन्फ्यूशियस वाचलेला नाही. तरी पंडुम हा सण होईपर्यंत नवं फळ, नवं धान्य तोंडात घालायचं नाही, ही रीत त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. देवाला आधी, माणसाला नंतर. त्यामुळे कच्च्या आंब्याला पिकायला अवधीही मिळतो.

गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद हाती येण्याच्या कितीतरी आधी गावाच्या अभ्यासगटाने मोहोळाचा विचार केला होता, आणि माश्या न जाळता मध काढायची पद्धत तिथे सुरू झाली होती.